उणे दहा

माइकच्या कमरेला एक खटका आहे,
तांदळाच्या कणीएवढा.
एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला उणे दहा.
नखानं सरकत नाही.
मुरूमटोल्यात तो मी बाभळीच्या काट्यानं सरकवला.

डोमाजी तणसाच्या जाळावर डफडं शेकत होता.
चामड्याला टिचकी मारायचा, कान लावायचा,
पुन्हा जाळावर धरायचा.
मी म्हटलं, एकदा वाजवून दाखवा, सगळ्यात जोरात.
"सगळ्यात?" तो हसला. "मंग कोंबड्या पयतीन, बाई."

कोंबड्या पळाल्या.
हेडफोनात आवाज फाटला,
लुगडं खिळ्यात अडकून फाटावं तसा, टर्रकन.

आधी रेकॉर्डरचं बटण मागे फिरवलं.
फाटकं लहान झालं, फाटकंच राहिलं.
मग दोन पावलं मागे सरले. पाठीला ढोली लागली,
त्यापुढे मागे जागाच नव्हती.
तेव्हा कळलं, आवाज वाटेत फाटत नाहीये,
माइकच्या पोटातच फुटतोय.
बोडीतच गढूळलेलं पाणी,
पाटाचं तोंड कितीही लहान केलं
तरी बांधीत गढूळच येतं.
अशा वेळी खटका.
अशाच वेळी.
जवळून डफडं, कानाशी सनई,
नाहीतर पोळ्याच्या तोरणाखाली झडती म्हणणारा गडी,
ज्याला माइक आणि गावाचं दुसरं टोक
यातला फरक ठाऊक नाही.

उणे दहा.
डोमाजी वाजवत राहिला. नवरदेव वेशीवर आल्याचं,
हाकाऱ्याचं, नुसतंच हात मोकळे करण्याचं.
पुतण्या पतिराम मध्येच म्हणाला, चहा.
कोणी थांबलं नाही.
मीटरच्या पट्ट्या लालच्या अलीकडे डोलत होत्या
आणि मी स्वतःवर खूश होते.

मग त्यानं डफडं पालथं ठेवलं.
"एक राह्यलं. पण ते बिनमयतीचं वाजवत नसतेत.
तोंडानं सांगतो. आयक."
आणि ओठांतल्या ओठांत बोल म्हटले,
घरात कोणी निजलेलं असावं तसे.
दोन बोटं गुडघ्यावर, गुडघ्याला न टेकता.
मी श्वाससुद्धा तोंड वळवून घेतला.
खटक्याकडे बघितलं नाही.

रात्री गोंदियाच्या लॉजवर ऐकलं.
डफडं स्वच्छ, ठोका न् ठोका, चामड्यावर घासलेलं बोटसुद्धा.
आणि शेवटी तो,
कोंड्यात एखादा दाणा दिसावा, न दिसावा, तसा.
आवाज वर ओढला
तर खरखर वर आली, बेडूक वर आले,
दूरच्या बांधीवरचा पंप वर आला,
सगळा मुरूमटोला वर आला,
तो तेवढा खालीच.
फाटलं काहीच नव्हतं.

दिवाळीनंतर पुन्हा गेले. अंगणात मळणी चालली होती.
शून्यावर आणलेला माइक त्याच्यापुढे धरला,
खटका समजावून सांगितला.
त्यानं चष्मा धोतराला पुसून ती कणी पाहिली.
"म्हंजे मी जोरात वाजवतो तवा तुही मशीन कान झाकते?"
हो, तसंच काहीसं.
"अन् मी हळू बोललो तवाबी झाकूनच होती?"
हो.
तणसाची एक काडी त्यानं दोनदा मोडली.
"सांगतलं ना एकडाव. ते दोनडाव सांगत नसतेत.
खरंच वाजन तवा येजो.
पतिराम वाजवन.
तवा तं तुले तो खटका लागनच."

तेव्हापासून काम संपलं की
आधी खटका शून्यावर आणते, मग केबल काढते.
नव्या पोरांना सांगते, शिस्त आहे ही,
पुढचा आवाज हळू असेल, काय सांगावं.
एवढंच सांगते.
काटा अजून बॅगेच्या कप्प्यात आहे.
फोनवर पतिरामचं नाव दिसलं
की उचलायच्या आधी हात त्या कप्प्याकडे जातो
आणि मी तो मागे घेते.
"काकाजी इचारते," तो म्हणतो,
"बाई केव्हा येते म्हणून."